पट्टा शिवणारे आणि पट्टा बदलणारे

उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या गावाच्या वाटेवर बिनगिअरच्या स्कूटरचा पट्टा तुटला, तर पुढे काय होतं ते त्या भागात गाडी हाकणाऱ्याला सांगावं लागत नाही. इंजिन चालू असतं, मूठ पिळली की आवाजही चढतो, चाक मात्र ढिम्म हलत नाही. मोटारसायकलच्या साखळीचं लॉक निसटलं तर पक्कड आणि दुसरं लॉक हाताशी असलं की माणूस वाटेला लागतो. पट्ट्याचं तसं काही करता येत नाही. तुटला की संपला. नवा मिळेपर्यंत गाडी ढकलायची.

पट्टा तुटला म्हणजे सगळं खोळंबलं, अशी स्थिती पूर्वी मात्र नव्हती. सह्याद्रीच्या याच पट्टीत, बेळगावपासून इचलकरंजी-कोल्हापूरपर्यंत, तीन-चार पिढ्यांनी पट्टे ओवले, ठोकले, ताणले, परत चढवले. पिठाची गिरणी चालवणारा, गुऱ्हाळवाला, यंत्रमागावरचा कामगार, सगळ्यांना पट्ट्याची नस ठाऊक होती. जगातल्या पहिल्या मोटारसायकलीही पट्ट्यावरच धावल्या. मग साखळीचं राज्य आलं, आणि पट्टा परतला तो कव्हराआड लपून. घराच्या अंगणात स्टूल टाकून स्कूटरचा पट्टा बदलणाऱ्याला आपल्या हातातल्या रबरी वळ्यामागे एवढा मोठा पसारा आहे याची बहुधा कल्पना नसते.

या पसाऱ्याचं आपल्याकडचं एक टोक बेळगावात सापडतं. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईलाच जोडलेला राहिला. जोयड्याच्या माणसाला बेळगाव परकं नव्हतं. त्या बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाच्या साथीने सायकलींचा धंदा मांडला. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात भाऊ त्या विकायचे, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. गावाची नवी वसाहत वाढवायची म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन देऊ केली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या काळातला कोणताही यांत्रिक कारखाना आतून पाहिला तर पहिली नजर वर जायची. आढ्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब दांडा फिरत असे. एका कोपऱ्यात वाफेचं किंवा तेलाचं एकच इंजिन, त्याचा पट्टा या दांड्याला, आणि दांड्यावरून प्रत्येक लेथला, ड्रिलला, करवतीला एकेक पट्टा खाली उतरलेला. यंत्र थांबवायचं तर इंजिन बंद करायचं नाही. दांडक्याने चालता पट्टा बाजूला सारायचा, म्हणजे तो शेजारच्या मोकळ्या फिरणाऱ्या लूज पुलीवर जाऊन रिकामा पळत राही. यंत्र उलटं फिरवायचं तर पट्ट्याला मध्ये पीळ देऊन तो फुलीसारखा चढवायचा. पुली मधोमध किंचित फुगीर असायची, कारण सपाट पट्टा आपणहून सर्वांत मोठ्या घेराकडे चढतो आणि तिथेच टिकतो. कागदावर हे पटायला वेळ लागतो, पण गिरणीत काम करणाऱ्या पोराला ते पहिल्या आठवड्यात कळायचं.

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढे ज्या गावाची ओळखच मागांच्या खडखडाटाने व्हायची होती, तिथेही सुरुवातीच्या शेडांत शक्ती पोचायची ती इंजिन, दांडा आणि पट्टा याच वाटेने. साताऱ्यात कूपर कंपनीने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत डिझेल इंजिन खेड्यापाड्यांत शिरलं. विहिरीवर पंप, गुऱ्हाळावर चरक, बाजारपेठेत पिठाची गिरणी, आणि घाट-कोकणच्या भातपट्ट्यात भातगिरणीचा हलर. इंजिन एका खोलीत, जातं दुसऱ्या खोलीत, आणि भिंतीच्या भोकातून आरपार गेलेला रुंद पट्टा, असं चित्र वयाची साठी ओलांडलेल्या बहुतेक मराठी माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पट्टा कशाचा असायचा? जुना म्हणजे चामड्याचा. चामड्याची गुळगुळीत, केसांकडची बाजू पुलीला लागेल असा तो चढवायचा, कारण तीच बाजू पुलीला घट्ट बसते. मग उंटाच्या केसांचे विणलेले पट्टे आले, बलाटा या रबरासारख्या चिकाचे आले, शेवटी कॅनव्हासच्या थरांवर रबर चढवलेले आले आणि तेच रुळले. पट्टा ताग्यातून कापून मिळायचा. त्यामुळे त्याला सांधा असायचाच, आणि सगळं कौशल्य त्या सांध्यात होतं. दोन्ही टोकं काटकोनात कापायची. जरा तिरकं कापलं गेलं तर पट्टा पुलीवरून एकाच अंगाला सरकत राहणार. मग आरीने समोरासमोर भोकं पाडायची आणि कच्च्या चामड्याची वादी ओवायची. पुलीकडच्या बाजूला वादीचे टाके सरळ ठेवायचे आणि फुली घालायची ती बाहेरच्या अंगाला, नाहीतर टाका पुलीवर घासून दोन दिवसांत तुटायचा. नंतर लोखंडी दातांचे फास्टनर आले, ते हातोडीने ठोकून बसवायचे. सांधा पुलीवरून गेला की ठक्क असा आवाज यायचा. तो आवाज बदलला की मुरलेला गिरणीवाला गल्ल्यावरून मान न वळवता सांगायचा, पट्टा सैल झालाय.

पट्टा घसरायला लागला तर राळ लावायची. पावसाळ्यात हे काम वाढायचं. दमट हवेत चामडं ताणतं, कॅनव्हास ओल धरतो, आणि दळण टाकून बसलेल्या बायांच्या रांगेसमोर गिरणीवाला राळेचा खडा घेऊन चालत्या पट्ट्याशी उभा राहायचा. ते धोक्याचंच होतं. धोतराचा सोगा, पदर, हाताची बोटं, पट्ट्याने काहीच सोडलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण घालणं सक्तीचं केलं, आणि चालू यंत्राच्या पट्ट्याशी काम करणाऱ्याने अंगासरसे कपडे घातलेच पाहिजेत असाही नियम केला. पण गावातली दोन माणसांची गिरणी कारखाना कायद्याच्या कक्षेत कुठे येणार? जुन्या कौशल्याचे गोडवे गाताना ही बाजू लपवू नये. पट्टा उघडा होता म्हणून माणसं तो दुरुस्त करायला शिकली, आणि उघडा होता म्हणूनच अपंगही झाली.

पुढे वीज आली आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. छतावरचा दांडा उतरला, लांब पट्टे गेले. जोयडा तालुक्याचा या बदलातला वाटा निराळाच आहे. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते. तिच्यावरच्या सुपे धरणात तालुक्याचं जुनं ठाणं पाण्याखाली गेलं, विस्थापित माणसं रामनगरला वसवली गेली, आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. काळीच्या पाण्यावर तयार झालेली वीज कर्नाटकभरच्या मोटरी फिरवू लागली. दूरच्या गिरण्यांचे सपाट पट्टे उतरवण्यात या जंगलातल्या नदीचाही हात आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मोटारसायकलकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मोटारसायकल म्हणजे धट्टीकट्टी सायकल, तिच्या सांगाड्यात इंजिन, आणि इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा नाहीतर रबर-कॅनव्हासचा पट्टा. पट्टा स्वस्त होता, शांत चालायचा, आणि त्या काळच्या धक्के मारणाऱ्या इंजिनाचे हिसके स्वतः गिळायचा. पावसात मात्र तो घसरायचा. स्वार खिशात जादा सांधे आणि पट्ट्याचा तुकडा घेऊनच निघायचे, आणि रस्त्याच्या कडेला बसून पट्टा आखूड करणं हा प्रवासाचाच भाग होता. बेळगावच्या गिरणीत जे चाललं होतं तेच इंग्लंडच्या रस्त्यावर, फक्त पट्टा अरुंद.

१९११ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीचा मार्ग बदलला आणि डोंगर चढणं आलं. त्या वर्षी अमेरिकन बनावटीच्या इंडियन मोटारसायकलींनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्यांना साखळी होती आणि दोन गिअर होते. तरी पट्ट्याने लगेच हार मानली नाही. झेनिथ कंपनीची ग्रॅड्युआ नावाची गाडी होती. तिच्या पुलीच्या दोन पाकळ्या जवळ-दूर करता येत, आणि त्याबरोबर मागचं चाक पुढेमागे सरकून पट्ट्याचा ताण सांभाळला जाई. चढणीच्या स्पर्धांत ती इतकी सरस ठरू लागली की अनेक क्लबांनी तिला बंदीच घातली. कंपनी एवढी हुशार की तिने ‘बंदी घातलेली’ हेच आपलं बोधचिन्ह करून टाकलं. रज कंपनीच्या मल्टीमध्येही अशीच कमीजास्त होणारी पुली होती, आणि १९१४ मध्ये रजने सीनियर टीटी शर्यत जिंकली. आजच्या स्कूटरमधली पुली ही या दोघींची नात म्हणायला हरकत नाही. तेव्हा पाकळ्या हाताने दांडा ओढून हलवायच्या, आता रोलर आपोआप हलवतात, एवढाच फरक.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी हजारोंनी बनलेल्या ट्रायम्फ मॉडेल एचमध्ये इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत साखळी होती आणि तिथून चाकापर्यंत पट्टा. दोन युगं एकाच गाडीत. युद्धानंतर काही वर्षांत पट्टा हटला.

म्हणून स्वतंत्र भारतात मोटारसायकल रुजली ती साखळीचीच. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा, राजदूत, सगळ्यांना साखळी. साखळी रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासणं हा रविवारचा कार्यक्रम होऊन बसला. बजाजच्या स्कूटरला तर पट्टाही नव्हता आणि साखळीही. चेतकचं इंजिन मागच्या चाकाच्या बाजूलाच, गिअरबॉक्समधून थेट चाकाला फिरवणारं. पुण्या-मुंबईच्या ज्या पिढीने चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिला क्लचची केबल तुटणं माहीत होतं, प्लग साफ करणं माहीत होतं, गाडी तिरकी करून पेट्रोल उतरवणं माहीत होतं. वाहनातला पट्टा हा प्रकार मात्र तिच्या अनुभवात नव्हता.

तो परत आणला नगर-पुण्याच्या फिरोदियांनी. एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणून मध्यमवर्गाच्या दारात मोपेड उभी केली होती. १९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली, मध्य प्रदेशात पीथमपूरला कारखाना घातला आणि कायनेटिक होंडा रस्त्यावर आणली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटण दाबून सुरू होणारं, आणि गिअर नाहीत. गिअर नाहीत म्हणजे गाडी चढणार कशी, हा प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारला जायचा. त्याचं उत्तर डाव्या बाजूच्या कव्हराखाली होतं. व्ही आकाराचा रबरी पट्टा आणि दोन पुल्या.

हा पट्टा गिरणीच्या पट्ट्यासारखा सपाट नाही. त्याचा छेद पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद. तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी रुततो, त्यामुळे कमी ताणातही घट्ट धरतो. रबर आणि दोऱ्याचा असा पट्टा अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये काढला. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये अशाच पट्ट्यावर चालणारी छोटी मोटार दाखवली. ती पुढे जितकी पळायची तितकीच मागेही पळू शकायची, हा तिचा गमतीदार गुण अजून सांगितला जातो. स्कूटरमध्ये पुढच्या पुलीत सहा-एक जड रोलर असतात. इंजिन वेगाने फिरलं की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या पाकळ्या जवळ आणतात, पट्टा वर चढतो, मागच्या पुलीत तेवढाच खाली उतरतो, आणि गिअर बदलल्याशिवाय गिअर बदलतो.

कायनेटिक होंडाची भागीदारी १९९८ मध्ये संपली. होंडाने पुढच्याच वर्षी भारतात स्वतःची कंपनी काढली, आणि ॲक्टिव्हा आल्यावर पट्ट्याच्या गाड्यांनी गिअरच्या स्कूटरींना जागाच ठेवली नाही. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं. बायका, पहिल्यांदाच गाडी शिकणारे, गुडघे दुखणारे सेवानिवृत्त, यांच्यासाठी रस्ता खुला करण्याचं श्रेय जाहिरातींना जितकं दिलं जातं, त्याच्या निम्मंही या पट्ट्याला मिळालेलं नाही.

घरी पट्टा बदलणं अवघड नाही, पण त्यात एक जागा अशी आहे जिथे हुशार माणूसही फसतो. पट्टा साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालतो. त्याआधी तो खुणा देतो. पिकअप पडतो, उभ्या जागेवरून निघताना गाडी थरथरते, टॉप स्पीड कमी होतो. झिजून अरुंद झालेला पट्टा पुढच्या पुलीत पुरेसा वर चढू शकत नाही, म्हणून. आठ नंबरच्या पान्याने कव्हरचे बोल्ट काढायचे आणि पुठ्ठ्यावर कव्हराच्याच आकारात खोचून ठेवायचे, कारण त्यांची लांबी सारखी नसते. आत काळी भुकटी साचलेली असते. तो झिजलेला पट्टाच. पट्टा उलटा वाकवून पाहिला की दातांच्या मुळाशी भेगा दिसतात. पुढच्या पुलीचा नट सोडताना पुली धरून ठेवावी लागते. पंख्याच्या पात्यात स्क्रूड्रायव्हर अडकवणारा पातं मोडून बसतो. धरण्याचा खास पाना आणावा, नाहीतर नट तेवढा गॅरेजवाल्याकडून सैल करून घ्यावा.

आणि फसायची जागा येते ती यापुढे. नवा पट्टा घालताना मागच्या पुलीच्या पाकळ्या हाताने फाकवून पट्टा तिच्या खोल तळाशी दाबायचा, म्हणजे पुढे सैल पडतो. तसं न करता पुढची पाकळी बसवून नट आवळला तर पट्टा दोन पाकळ्यांमध्ये चिमटला जातो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो पट्ट्यावर आवळलेला असतो, दांड्यावर नाही. गाडी दोन-चार किलोमीटर गेली की पट्टा आपल्या जागी सरकतो, नट ढिला होतो आणि पुलीच्या आतले दाते खाऊन टाकतो. नट आवळल्यावर पुढची पुली हाताने फिरवून पट्टा मोकळा हलतो का ते पाहणं, हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. हाताला ग्रीस असेल तर आधी हात धुवायचे. गिरणीवाला पट्ट्याला राळ फासायचा. इथे तसलं काहीही लावलं तरी नुकसानच.

जुन्या आणि नव्या कामातला खरा फरक इथे दिसतो. गिरणीवाल्याचं कौशल्य पट्ट्यात होतं. तो पट्टा समजून घ्यायचा, त्याचं आयुष्य वाढवायचा. स्कूटरवाल्याचं कौशल्य पट्ट्याभोवतीच्या नटबोल्टांत आहे. पट्टा स्वतः एकसंध, बिनसांध्याचा येतो आणि तसाच फेकला जातो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण पट्टा तुटल्यावर वाटेत तो सांधता येण्याची शक्यता त्याबरोबर संपली, आणि ज्यांना गॅरेज दूर आहे त्यांना त्याची किंमत जास्त मोजावी लागते.

मोठ्या मोटारसायकलीतही पट्टा परतला आहे. हार्ले-डेव्हिडसनने १९८० मध्ये स्टर्जिस मॉडेलला दातेरी पट्टे दिले आणि पुढे ती त्यांची रीतच झाली. भारतात आलेल्या त्यांच्या स्ट्रीट ७५० लाही पट्टा होता. विजेवरच्या एथर स्कूटरमध्ये मोटरची शक्ती चाकाला पोचवतो तोही दातेरी पट्टाच. हा पट्टा उघडा, दिसणारा आहे. त्यात खडा अडकलाय का, दाते तुटलेत का, हे गाडीशेजारी उकिडवं बसून कळतं.

बिनगिअरच्या स्कूटरवाल्यांनी, विशेषतः घाटातल्या आणि जंगलातल्या गावांच्या, एवढं करावं. मृग लागण्याआधी एकदा कव्हर उघडून पट्टा पाहावा. बदलला आणि जुना तुटलेला नसेल, तर तो फेकू नये. पिशवीत घालून, आठचा पाना, पुलीच्या नटाचा पाना आणि पुली धरायच्या पान्यासकट डिकीत ठेवावा.